पोस्टग्रेस तेच, डेटा तोच, तरी माल सापडेना : डेबियन अपग्रेडनंतरच्या एका बिघाडाचं प्रकरण

भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात यंत्रांचे सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीचा डेटाबेस सर्व्हर जून २०२२ मध्ये, एका शनिवारी रात्री, डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या ९ या आवृत्तीवरून १० वर नेण्यात आला. निर्णय योग्यच होता. डेबियन ९ ला मिळणाऱ्या दीर्घकालीन सुरक्षा दुरुस्त्या त्याच महिन्याच्या ३० तारखेला थांबणार होत्या. डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर, पोस्टग्रेस ११, आधीही होतं, नंतरही तेच राहिलं. पोस्टग्रेस प्रकल्पाच्या पॅकेज भांडारातून डेबियन १० साठी बांधलेलं तेवढं आलं. अपग्रेड विनातक्रार पार पडलं, मशीन रीबूट झालं, डेटाबेस वर आला, बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये लॉगिन झालं. रात्रीचा बॅकअपही यशस्वी म्हणून नोंदला गेला.

सोमवारी काउंटरवरून तक्रारी सुरू झाल्या. भाग क्रमांकाचे पहिले दोन-तीन आकडे टाइप केले की खाली जुळणाऱ्या क्रमांकांची यादी उघडते. त्या यादीत हवा तो क्रमांक दिसत होता. पण त्यावर क्लिक केलं की संदेश यायचा, ‘असा भाग नोंदलेला नाही’. सगळ्याच भागांचं असं होत नव्हतं, काहींचंच होत होतं. एकदा न सापडलेला भाग मात्र दर वेळी न सापडलेलाच राहायचा. स्टोअर सांभाळणारे काका सांगत होते, ‘माल रॅकवर आहे, बिन कार्डावर आहे, आणि कॉम्प्युटर नाही म्हणतो.’ गिऱ्हाईक समोर उभं असताना काउंटरवरच्या मुलांनी जे करायचं तेच केलं : तो भाग नवा म्हणून पुन्हा नोंदवला आणि बिल फाडलं. नोंद झाली. ती व्हायला नको होती, कारण भाग क्रमांक ही त्या तक्त्याची प्रायमरी की होती, म्हणजे एकच क्रमांक तिथे दोनदा येऊच शकत नाही. या गोष्टीकडे तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही.

पहिला संशय साहजिकच सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांवर गेला. यादीत दिसतो आणि उघडत नाही म्हणजे स्क्रीनचाच दोष, असं वाटणं स्वाभाविक आहे. त्यांनी कॅशे रिकामी केली, जुनी आवृत्ती पुन्हा चढवली, फरक पडला नाही. त्यांच्याच टीममधल्या एका मुलीच्या लक्षात आलं की न सापडणाऱ्या बहुतेक क्रमांकांत आडवी रेघ आहे. एक्सेलमधून आलेल्या याद्यांत साध्या रेघेऐवजी लांब रेघ शिरते आणि शोध फसतो, हा अनुभव अनेकांचा असतो. तिने बाइट तपासले. साधी रेघच होती, सगळीकडे तीच. तिचा तर्क खऱ्या कारणाच्या अगदी जवळ पोचला होता, पण तिथे काही सापडलं नाही म्हणून तो धागा सुटला. मला बोलावणं आलं ते यानंतर.

सर्व्हरच्या बाजूने सगळं निरोगी दिसत होतं. सेवा चालू, डिस्कवर जागा, मेमरी मोकळी, लॉगमध्ये डेटा फाइल खराब झाल्याची एकही ओळ नाही. डेटाची पानं शाबूत आहेत का हे तपासणारे चेकसम चालू होते, त्यांचीही तक्रार नव्हती. लॉगमध्ये एकच गोष्ट वेगळी होती : ऑर्डरच्या ओळी घालताना फॉरेन कीच्या, म्हणजे ऑर्डरमधला भाग भागांच्या तक्त्यात असलाच पाहिजे या बंधनाच्या, काही चुका. ‘हा क्रमांक भागांच्या तक्त्यात नाही’ असं पोस्टग्रेस म्हणत होतं आणि ओळ नाकारत होतं. म्हणजे नाही म्हणणारा स्क्रीन नव्हता, डेटाबेस होता. सॉफ्टवेअरवाल्यांची त्या क्षणी सुटका झाली.

मग एक न सापडणारा क्रमांक घेतला आणि थेट डेटाबेसला विचारला. शून्य ओळी. क्वेरीची योजना एक्सप्लेन या आज्ञेने पाहिली तर ती प्रायमरी कीच्या इंडेक्समधून, म्हणजे लवकर शोधण्यासाठी क्रमाने लावलेल्या सूचीतून, जात होती. त्या सेशनपुरतं एनेबल_इंडेक्सस्कॅन, एनेबल_इंडेक्सओन्लीस्कॅन आणि एनेबल_बिटमॅपस्कॅन बंद केलं, म्हणजे पोस्टग्रेसला तक्ता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचण्यावाचून पर्याय उरला नाही. तीच क्वेरी पुन्हा चालवली. ओळ आली. एकच क्वेरी, एकच तक्ता. इंडेक्समधून विचारलं तर नाही, तक्त्यातून विचारलं तर आहे. डेटा शाबूत होता, इंडेक्स खोटं बोलत होता. या तपासाला काही मिनिटं लागतात, आणि ‘आहे पण सापडत नाही’ अशी तक्रार आली की माझ्या मते सर्वांत आधी हेच करावं.

इंडेक्स नेमका कसा बिघडला हे पाहायला पोस्टग्रेससोबत येणारं ॲमचेक हे एक्स्टेन्शन चालवलं. ते बी-ट्री इंडेक्सच्या, म्हणजे नोंदी क्रमाने लावून ठेवणाऱ्या नेहमीच्या इंडेक्सच्या, पानांवरचा क्रम तपासतं. ताबडतोब उत्तर आलं : या इंडेक्समध्ये नोंदींच्या क्रमाचा नियम मोडलेला आहे. मजकुरावरचे इतर इंडेक्स तपासले, त्यातले बरेच तसेच निघाले. आकड्यांवरचे आणि तारखांवरचे सगळे इंडेक्स स्वच्छ. डिस्क किंवा मेमरी खराब असती तर तिने मजकूर आणि आकडे असा भेद केला नसता. जे बदललं होतं ते मजकुराच्या क्रमाशी संबंधित होतं.

मजकूर कुठल्या क्रमाने लावायचा हे पोस्टग्रेस नेहमी स्वतः ठरवत नाही. डेटाबेस तयार करताना जे कोलेशन, म्हणजे वर्णक्रमाची पद्धत, निवडलेलं असतं, इथे ते अमेरिकन इंग्रजी यूटीएफ-८ होतं, त्याचे नियम तो ऑपरेटिंग सिस्टीमच्या सी लायब्ररीकडून, म्हणजे जीलिबसीकडून, उसने घेतो. पॅकेजांचा लॉग उघडला. याच लायब्ररीचं लिबसी६ हे पॅकेज २.२४ वरून २.२८ वर गेलेलं होतं. तिथे प्रकरण उलगडलं.

जीलिबसी २.२८ ही आवृत्ती ऑगस्ट २०१८ मध्ये आली. तिच्यात वर्णक्रमाची माहिती आयएसओ १४६५१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीशी जुळवून घेतली गेली आणि अनेक भाषांतला क्रम एका झटक्यात बदलला. आपल्या प्रकरणाला लागू पडणारा बदल विरामचिन्हांचा. जुन्या नियमात रेघेसारखी चिन्हं पहिल्या तुलनेत विचारातच घेतली जात नसत; नव्या नियमात ती घेतली जातात आणि आकड्यांच्या आधी लागतात. ४५, ४६-१ आणि ४-७५ हे तीन क्रमांक घ्या. प्रत्यक्षात ते इंग्रजी अंकांत होते, पण मुद्दा तोच. जुना नियम रेघ सोडून ४५, ४६१, ४७५ असं वाचतो, म्हणून क्रम ४५, ४६-१, ४-७५. नवा नियम ४ नंतरची रेघ पाहतो, आणि ती कुठल्याही आकड्याच्या आधीची, म्हणून ४-७५ सगळ्यांत पहिला. खात्री करायला डेटाबेसचीही गरज नाही. इंग्रजी अंकांत १-१ आणि ११ अशा दोन ओळी त्याच कोलेशनखाली टर्मिनलवरच्या सॉर्ट आज्ञेला द्याव्यात. जुनी लायब्ररी ११ आधी छापते, नवी १-१ आधी. कंपनीचं एक दुय्यम मशीन अजून डेबियन ९ वर होतं. दोन्हींवर करून पाहिलं, दोन वेगळी उत्तरं आली.

ग्रंथपालाने कार्डं एका नियमाने लावून ठेवली आणि पुढच्या पाळीतला माणूस दुसऱ्या नियमाने शोधायला बसला, तर त्याचा हात चुकीच्या खणात जातो आणि तो प्रामाणिकपणे सांगतो की पुस्तक नाही. बी-ट्रीचं हेच झालं होतं. पानं डिस्कवर जुन्या क्रमाने लावलेली, उतरत जाणारा शोध नव्या नियमाने. ज्या क्रमांकांची जागा बदलली नाही ते सापडत होते, म्हणून तक्रार काहींचीच होती. दोन मजकूर समान आहेत का हे पोस्टग्रेस शेवटी बाइट जुळवून ठरवतं, त्यात बदल झाला नव्हता, म्हणून तक्ता थेट वाचला की ओळ मिळायची. आणि टाइप करताना उघडणाऱ्या यादीचं कोडंही सुटलं. सुरुवातीच्या अक्षरांवरून शोधण्यासाठी त्या स्तंभावर एक वेगळा इंडेक्स होता, पॅटर्न ऑप्स प्रकारचा. तो कोलेशन न मानता बाइटच्या क्रमाने चालतो. लायब्ररी बदलल्याने त्याला धक्काही लागला नव्हता. यादी भरत होती एका इंडेक्समधून, क्लिक केल्यावर शोध जात होता दुसऱ्यातून.

दुबार नोंद कशी झाली तेही यातच आलं. नवी ओळ घालताना ती आधीपासून आहे का हे पोस्टग्रेस त्याच इंडेक्समध्ये पाहतं. त्याने चुकीच्या पानावर पाहिलं, तिथे काही नव्हतं, म्हणून परवानगी दिली.

मागे जाण्याचे दोन रस्ते, दोन्ही बंद

कारण कळल्यावर बैठकीत दोन सूचना आल्या. दोन्ही समजूतदार वाटणाऱ्या, आणि दोन्ही घातक.

पहिली : जुनी लायब्ररी परत आणू. अपग्रेडनंतर एकही नोंद झाली नसती तर हे चाललं असतं. पण सोमवारपासूनच्या प्रत्येक नव्या नोंदीला इंडेक्समध्ये जागा नव्या नियमाने मिळाली होती. आता एकाच इंडेक्समध्ये दोन्ही क्रमांची भेसळ होती. जुना नियम आणला असता तर जुने भाग सापडले असते आणि नवे हरवले असते.

दुसरी : दुय्यम मशीनला मुख्य करू. या मशीनवर स्ट्रीमिंग रेप्लिकेशनने प्रत जात होती आणि व्यवस्थापनाचे अहवाल तिथूनच निघत होते, तेही बरोबर निघत होते. त्यामुळे त्याच्यावर सगळ्यांचा भरवसा होता. पण हे रेप्लिकेशन भौतिक असतं. मुख्य मशीनवर इंडेक्सचं पान जसं लिहिलं गेलं तसंच्या तसं, बाइटला बाइट, दुय्यमवर उतरतं. जुने भाग तिथे सापडत होते कारण त्या मशीनची लायब्ररी जुनी होती. सोमवारनंतर मुख्य मशीनने नव्या क्रमाने घातलेल्या नोंदी तिथे सापडतील याची काहीच हमी नव्हती. मी ताज्या नोंदींतले रेघेचे काही क्रमांक तिथे विचारून दाखवले. त्यातला एक आला नाही, तेव्हा ती सूचना मागे पडली. अशी जोडी चालवताना दोन्ही मशीनवर सी लायब्ररीची आवृत्ती एकच असायला हवी. याकडे दुर्लक्ष झालेलं मला फार वेळा दिसतं, कारण रेप्लिकेशन कुठलीही कुरकुर न करता चालू राहतं.

शनिवार रात्रीचा पूर्ण बॅकअप परत चढवणं हा तिसरा पर्याय. त्यात मधल्या दिवसांची सगळी बिलं आणि चलनं गेली असती. तो कुणी गंभीरपणे मांडला नाही.

दुरुस्ती

काउंटर बंद झाल्यावर सॉफ्टवेअर थांबवलं आणि डेटाबेसला येणारी सगळी जोडणी तोडली. डेटाबेस थांबवून संपूर्ण डेटा डिरेक्टरीची, आहे त्या बिघडलेल्या स्थितीत, वेगळ्या डिस्कवर प्रत घेतली. दुरुस्ती फसली तर परतायला जागा हवी, आणि बिघडलेल्या डेटातही मधल्या दिवसांचा खरा व्यवहार होता.

मजकुराच्या स्तंभांवरचे, ज्यांचं कोलेशन सी किंवा पॉझिक्स (म्हणजे नुसता बाइटचा क्रम) नाही असे इंडेक्स सिस्टीम कॅटलॉगमधून काढले. खरं तर रात्र हाताशी होती, त्यामुळे अख्ख्या डेटाबेसचं रीइंडेक्स करणं, म्हणजे सगळे इंडेक्स पुन्हा बांधणं, हाच सरळ मार्ग होता. यादी हवी होती ती युनिक, म्हणजे दुबार नोंद नाकारणारे, इंडेक्स वेगळे ओळखायला. साधे इंडेक्स मुकाट्याने पुन्हा बांधले गेले. इंडेक्स बांधायला मिळणारी मेमरी (मेंटेनन्स_वर्क_मेम) वाढवून ठेवल्याने वेळही फार लागला नाही. चालू कामात अडथळा न आणता इंडेक्स पुन्हा बांधण्याची सोय पोस्टग्रेस १२ पासून आहे. इथे ११ होतं, म्हणून दारं बंद करणं भाग होतं. तसंही दुबार नोंदी असताना दारं उघडी ठेवणं मला मान्य झालं नसतं.

भागांच्या तक्त्याची प्रायमरी की बांधायला घेतली आणि अपेक्षेप्रमाणे पोस्टग्रेसने नकार दिला : अमुक क्रमांक दोनदा आहे. रात्रीचे बॅकअप यशस्वी का दिसत होते तेही इथे कळतं. बॅकअप घेणारा पीजी_डंप तक्ता सलग वाचतो, त्याला दुबार ओळीही दिसतात आणि तो त्या बिनबोभाट लिहून ठेवतो. चूक वर येते ती तो बॅकअप कुठेतरी परत चढवताना, युनिक इंडेक्स बांधण्याच्या क्षणी. बॅकअप घेतला जातोय याचा हिशेब बहुतेक ठिकाणी असतो, तो चढवून पाहण्याचा नसतो.

इंडेक्स न वापरता गट पाडून दुबार क्रमांक काढले. इथून पुढचं काम संगणकाचं नव्हतं. एकाच भागाच्या दोन ओळी, दोन्हींवर साठा, दोन्हींवर व्यवहार. पहिल्या ओळीवर वर्षानुवर्षांचा इतिहास आणि शनिवारचा साठा; दुसरीवर काउंटरवरच्या मुलाने रॅककडे बघून टाकलेला सुरुवातीचा साठा आणि त्यानंतरची विक्री. दोन्ही साठ्यांची बेरीज करणारी एक ओळीची क्वेरी कुणीही लिहील, आणि ती साफ चुकीची ठरेल, कारण दोन्ही आकडे एकाच रॅकवरच्या त्याच मालाचे आहेत. जुनी ओळ खरी मानायची, नव्या ओळीवरची विक्री तिच्यातून वजा करायची आणि नव्या ओळीचा सुरुवातीचा साठा टाकून द्यायचा, हा नियम स्टोअरच्या काकांनी बिन कार्डं पुढ्यात घेऊन ठरवला. काही भागांना तोही लागू पडेना. मधल्या दिवसांत नवा माल आला होता आणि त्याची जमा नव्या ओळीवर पडली होती. ते भाग बाजूला काढून प्रत्यक्ष मोजून घेतले. त्या रात्रीतलं सर्वांत मोलाचं काम काकांनी केलं असं मी मानतो. माझ्याकडे क्वेरी होत्या, पण खरं काय हे सांगणारा कागद त्यांच्याकडे होता.

दुबार ओळ काढताना एक खबरदारी घेतली. दोन्ही ओळींचा क्रमांक सारखाच असल्याने नावाने डिलीट केलं तर दोन्ही जातील. पोस्टग्रेस प्रत्येक ओळीची डिस्कवरची जागा सीटीआयडी या लपलेल्या स्तंभात दाखवतं. तिच्या आधारे नेमकी नवी ओळ उडवली. ऑर्डरच्या ओळी मजकुराच्या क्रमांकानेच जोडलेल्या होत्या, त्यामुळे त्या आपोआप उरलेल्या ओळीकडे बोट दाखवू लागल्या. मात्र उडवताना फॉरेन कीचा अडसर येऊ नये म्हणून ती बंधनं आधी उतरवली आणि प्रायमरी की बांधून झाल्यावर पुन्हा चढवली. पुन्हा चढवताना पोस्टग्रेस सगळ्या ओळी तपासतं, म्हणजे अनाथ ओळी उरल्या आहेत का हेही त्यातच कळतं. उरल्या नव्हत्या. नाकारल्या गेलेल्या ऑर्डरच्या ओळी लॉगमधून काढून विक्री विभागाकडे दिल्या. त्यातल्या बऱ्याच त्यांनी आधीच कागदावर लिहून ठेवल्या होत्या.

शेवटी ॲमचेक पुन्हा चालवलं, या वेळी हीपऑलइंडेक्स्ड हा पर्याय लावून, म्हणजे तक्त्यातली प्रत्येक ओळ इंडेक्समध्ये आहे का याचीही पडताळणी झाली. स्वच्छ. दुय्यम मशीन पुसून डेबियन १० वर नव्याने उभं केलं आणि मुख्य मशीनची ताजी प्रत त्यावर घेतली. जुन्या लायब्ररीवर ते तसंच सोडलं असतं तर नव्या क्रमाने बांधलेले इंडेक्स आता तिथे खोटं बोलू लागले असते.

हे डेबियनपुरतं नाही. रेड हॅट ७ मधली जीलिबसी २.१७, ८ मधली २.२८. उबुंटू १८.०४ मध्ये २.२७ आणि २०.०४ मध्ये २.३१. तोच उंबरठा तिथेही ओलांडला जातो. कंटेनर, म्हणजे सॉफ्टवेअर त्याच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या फाइलींसकट बांधलेला डबा, वापरणाऱ्यांना तर अपग्रेड केल्याचं जाणवतही नाही : पोस्टग्रेसच्या अधिकृत प्रतिमेचा टॅग तोच राहतो, खालचं डेबियन बदलतं, आणि जुना व्हॉल्यूम (डेटाची जागा) नव्या लायब्ररीला जोडला जातो.

कंपनी पुढे पोस्टग्रेस १५ वर गेली. डंप काढून नव्या डेटाबेसमध्ये भरल्याने इंडेक्स आपोआप नव्याने बांधले गेले. त्याच वेळी भाग क्रमांक, बिल क्रमांक, जीएसटी क्रमांक असे सगळे संकेतांचे स्तंभ सी कोलेशनवर नेले. तिथे क्रम फक्त बाइटचा, कुठल्याही लायब्ररीच्या मर्जीचा नाही, आणि संकेतांना भाषेचा क्रम लागतोच कशाला? ग्राहकांच्या मराठी नावांना मात्र तो लागतो. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात, युनिकोडच्या क्रमांकांत ळ लगेच ल च्या मागे बसलेला आहे. त्यामुळे नावांच्या याद्या छापताना तेवढ्या क्वेरीत आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं मराठी कोलेशन मागायचं आणि त्यावर कुठलाही युनिक इंडेक्स ठेवायचा नाही, असं ठरलं.

पोस्टग्रेस १५ डेटाबेसच्या कोलेशनची आवृत्ती लिहून ठेवतं. म्हणून मशीन डेबियन १२ वर नेल्यावर जोडणी होताच इशारा आला : डेटाबेस २.२८ या आवृत्तीवर तयार झाला आहे, सिस्टीम २.३६ देते आहे. सोबत आवृत्तीची नोंद ताजी करण्याची आज्ञाही सुचवलेली असते. ती आज्ञा फक्त नोंद बदलते आणि इशारा गप्प करते, इंडेक्सला हातही लावत नाही. त्यामुळे आधी उरलेल्या मजकुराच्या इंडेक्सचं रीइंडेक्स, मग ॲमचेक, आणि सगळं स्वच्छ निघाल्यावर ती आज्ञा, या क्रमाने काम केलं. सोमवारी काउंटर वेळेवर उघडला.